विश्लेषण : आजोबांचे रिव्हॉल्व्हर घरच्या घरी दुरुस्त करता येते का?

घरात परवान्याचे जुने रिव्हॉल्व्हर आहे. चाप जड लागतो, मुठीचे लाकूड फुटले आहे, नळीवर गंज चढला आहे. मोबाइलवर एक परदेशी व्हिडीओ दिसतो आणि वाटते, हे आपणही करू शकतो. स्क्रूड्रायव्हर, कानस आणि रविवारची दुपार, एवढेच तर हवे. त्या दुपारची किंमत भारतीय कायद्यात किमान सात वर्षांची कैद असू शकते. कायदा इतका कडक का, तो नेमका कोणाला पकडतो आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात त्याची गोची कुठे होते, त्याचा हा आढावा.

गोंदियाच्या घरांत जुनी शस्त्रे आली कशी?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या दोन ओळखी जुन्या आहेत, भाताची शेती आणि मालगुजारी तलाव. मध्य प्रांताच्या काळात हा भाग मालगुजारांच्या हाती होता. गावचा वसूल, गावचा तलाव आणि गावचा दरारा हे सारे एकाच वाड्यात असायचे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती आणली. युरोपीय लोकांना त्यातून सूट होती. त्यामुळे ज्या हिंदी माणसाला परवाना मिळे, त्याच्यासाठी ती बंदूक सरकारदरबारच्या वजनाची निशाणी ठरे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले, पण परवान्यावरची शस्त्रे अनेक घराण्यांत पुढच्या पिढीकडे आली.

दुसरा प्रवाह शेतकऱ्यांचा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांत शेताचा बांध आणि जंगलाची सीमा अनेकदा एकच असते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प याच पट्ट्यात आहे. धान पोटरीला आले की रानडुकरांचे कळप उतरतात. पिकाच्या राखणीसाठी तोंडाने दारू भरायची बंदूक, म्हणजे आपल्याकडची भरमार, या भागाला परकी नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्येही पीक संरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र हा परवाना शिकारीचा परवाना नव्हे. जनावर मारण्याचा प्रश्न आला की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो आणि त्याची परवानगी वन खात्याकडूनच घ्यावी लागते.

वाड्यातले रिव्हॉल्व्हर आणि शेतातली भरमार यांच्यात पैशाचे व प्रतिष्ठेचे मोठे अंतर आहे. पण बिघाड झाला की दोघांसमोरचा प्रश्न एकच असतो. हे दुरुस्त कोण करणार?

कायदा नेमके काय म्हणतो?

बातम्यांत ज्याला आपण भारतीय हत्यार कायदा म्हणतो, तो म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. सोबतचे नियम २०१६ मध्ये नव्याने आले आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यातच मोठी दुरुस्ती झाली.

सामान्य परवानाधारकाला कलम ३ माहीत असते. शस्त्र बाळगायचे तर परवाना हवा, हे त्यात सांगितले आहे. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९ नंतर ही मर्यादा दोनवर आली. वारसाहक्काने आलेले शस्त्रही त्या दोनांतच मोजले जाते.

पण दुरुस्तीचा विषय कलम ५ मध्ये आहे आणि ते फारसे कोणी वाचत नाही. शस्त्र बनवणे, विकणे, हस्तांतरित करणे, त्यात रूपांतर करणे, ते दुरुस्त करणे, त्याची चाचणी घेणे, या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा परवाना लागतो. म्हणजे शस्त्र बाळगण्याचा परवाना हा ते उघडून त्यात काम करण्याचा परवाना नाही. गाडी चालवण्याच्या लायसन्सने गॅरेज उघडता येत नाही, तसेच हे. फरक एवढाच की गाडीचे कार्ब्युरेटर घरी उघडल्याबद्दल कोणी तुरुंगात जात नाही.

या कलमात ‘व्यवसाय म्हणून’ किंवा ‘मोबदला घेऊन’ असे शब्द नाहीत. काम पैशासाठी केले की हौसेखातर, दुकानात केले की ओसरीवर, असा भेद मजकुरात आढळत नाही. आणि शिक्षा? कलम २५(१)(अ) नुसार कलम ५ चा भंग केल्यास पूर्वी तीन ते सात वर्षे कैद होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप झाली, शिवाय दंड. तुलनेसाठी पाहा : साधे बिगरप्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे आहे. म्हणजे कायद्याच्या तराजूत विनापरवाना बंदूक बाळगण्यापेक्षा विनापरवाना बंदूक दुरुस्त करणे जड ठरते.

‘ते चालतच नाही, मग परवाना कशाला?’

हा समज सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत जास्त घातक आहे. आजोबा गेले, पेटीत गंजलेले रिव्हॉल्व्हर सापडले, सिलिंडर फिरत नाही, फायरिंग पिन तुटलेली. घरचे म्हणतात, हे तर भंगार, शोभेला ठेवू.

कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. पण तिला एक अट आहे. ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. म्हणजे आज चालत नाही एवढे पुरेसे नाही. उद्या दुरुस्त केले तर चालेल का, हे पाहिले जाते. गंजलेले पण दुरुस्त होऊ शकणारे रिव्हॉल्व्हर कायद्याच्या लेखी पूर्ण रिव्हॉल्व्हरच आहे. आणि ते घरी दुरुस्त करायला घेतले की ते दुरुस्त होण्याजोगे होते, याचा पुरावा आपणच तयार करतो.

सुट्या भागांचेही तसेच. कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. किरकोळ भाग बाळगण्याला कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ते पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल तरच. स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसवायला स्प्रिंग किंवा पिन मागवली, तर हेतू सरळ दिसतो. परदेशी संकेतस्थळावर तो भाग ‘स्टॉकमध्ये उपलब्ध’ आहे, याचा अर्थ तो गोंदियात मागवणे कायदेशीर आहे असा होत नाही.

कोणता बदल कुठे अडतो?

नळी आखूड करणे : खिशात मावावे म्हणून नळी कापण्याची कल्पना अनेकांना सुचते. कलम ६ त्यावर थेट बंदी घालते. परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही, खेळण्यातले किंवा नकली शस्त्र खरे करता येत नाही आणि एका वर्गातले शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलता येत नाही.

पॉलिश आणि मुलामा : गंज घालवायला बफिंग व्हीलवर धरणे हा सर्वांत निरागस वाटणारा उपाय. पण शस्त्रावर कोरलेले कारखान्याचे नाव आणि क्रमांक खोल नसतात. जुन्या शस्त्रावर ते आधीच झिजलेले असतात. बफिंगने अंक पुसट झाले की प्रकरण कलम ८ मध्ये जाते. ओळखचिन्ह खोडणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. शिवाय असे शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते खोडले, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते. चकाकीसाठी केलेले काम इतके महाग पडू शकते.

आवाज कमी करणे : गोळीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारे जोडसाधन हे कायद्याच्या व्याख्येत स्वतःच अग्निशस्त्र आहे. त्याबद्दल ‘फक्त अॅक्सेसरी’ हा बचाव टिकत नाही.

काडतुसे घरी भरणे : दारूगोळा बनवणे हेही परवान्याचेच काम आहे. जुन्या बोरची काडतुसे मिळत नाहीत म्हणून रिकाम्या खोळी पुन्हा भरण्याचा उद्योग कायदा आणि हात, दोन्हीला धोक्याचा आहे.

मूठ बदलणे : फुटलेल्या मुठीच्या जागी नवे लाकूड बसवल्याने गोळी सुटण्याच्या यंत्रणेत बदल होत नाही. तरीही हे काम परवानाधारक कारागिराकडून करून पावती घेणेच शहाणपणाचे. तपासणीच्या वेळी वादाला जागा राहत नाही.

मग घरी काय चालते? रिकाम्या शस्त्राची बाहेरून आणि नळीची नेहमीची साफसफाई, तेलाचा हलका हात आणि कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवणे. धनी शस्त्राची निगा राखतो आणि कारागीर त्याची दुरुस्ती करतो, ही रेषा लक्षात ठेवली तर बहुतेक प्रश्न सुटतात.

जुन्या रिव्हॉल्व्हरचा धोका नेमका काय?

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी घरगुती कारागिरीविरुद्ध एक मोठे कारण उरते. ते लोखंडाचे आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरची प्रत्येक कोठडी नळीच्या रेषेत अचूक यावी लागते. वर्षांच्या वापराने सिलिंडर अडवणारे खिळे आणि खाचा झिजतात. कोठडी केसभर सरकली तरी गोळी नळीच्या कडेला घासते, शिशाचे कण बाजूला उडतात आणि चालवणाऱ्याच्या किंवा शेजारच्याच्या तोंडावर येतात. चाप हलका करायला स्प्रिंग कमजोर केली तर कधी काडतूस पेटत नाही, कधी चाप नको तेव्हा सुटतो. यातला दोष डोळ्यांना दिसत नाही, तो मापाने कळतो.

दुसरा धोका जुन्या घडणीचा. आजच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर आणि काडतूस यांच्या मध्ये अडसर असतो, त्यामुळे ते हातातून पडले तरी गोळी सुटत नाही. हा अडसर सर्व जुन्या शस्त्रांत नव्हता किंवा भरवशाचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकी नौदलाच्या जहाजावर स्मिथ अँड वेसन कंपनीचे एक रिव्हॉल्व्हर डेकवर पडले, गोळी सुटली आणि एका खलाशाचा जीव गेला. त्यानंतर कंपनीने अडसराची रचनाच बदलली. त्याआधीची असंख्य रिव्हॉल्व्हरे मात्र जगभर घरोघरी राहिली. आपल्या कपाटातले त्या आधीचे की नंतरचे, हे यूट्यूब सांगत नाही.

आपल्याकडे जुने रिव्हॉल्व्हर म्हटले की बहुधा वेब्लीचे नाव निघते. बर्मिंगहॅमची ही कंपनी ब्रिटिश फौजेला रिव्हॉल्व्हरे पुरवत असे. कानपूरच्या आयुध निर्माणीतले ०.३२ बोरचे रिव्हॉल्व्हरही त्याच मधोमध मोडणाऱ्या घडणीवर बेतलेले आहे. इंग्लंडमध्ये विक्रीपूर्वी प्रत्येक नळी जादा दाबाच्या काडतुसाने तपासून तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत आहे. बर्मिंगहॅमचे असे तपासणीगृह १८१३ पासून आहे. तो शिक्का नळी आणि सिलिंडर जसे होते तशा अवस्थेची हमी देतो. कानस लागली की ती हमी संपते.

वेब्लीबाबत आणखी एक मेख आहे. ०.३८० आणि ०.४५५ बोरची फौजी काडतुसे चालवणारी रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित बोरमध्ये मोडतात. त्यांच्या परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. म्हणून पेटीत काय आहे, हे आधी परवान्याच्या पुस्तकात वाचावे. अंदाज बांधू नये.

अमेरिकेत चालते, मग इथे का नाही?

व्हिडीओ पाहणाऱ्याचा हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्यानुसार शस्त्रांचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. शस्त्र बाळगायला अपात्र नसलेला नागरिक स्वतःच्या वापरासाठी घरी काम करत असेल तर संघीय परवाना लागत नाही. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. त्यामुळे तिथे घरगुती बंदूककाम ही शंभर वर्षांची हौस आहे. कोल्ट कंपनीतील जॉन हेन्री फिट्झजेराल्ड यांनी १९२० च्या दशकात खिशात ठेवायची रिव्हॉल्व्हरे तयार केली. आखूड नळी, मागचे टोक घासलेला हॅमर आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग कापलेला, ही त्यांची ओळख. त्यांच्या नावाने ती आजही संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. पण चापाचे कडे कापलेले रिव्हॉल्व्हर खिशात कशात अडकले तर काय होईल, हे सांगायला कारागीर लागत नाही. पुढच्या काळात शस्त्रतज्ज्ञांनीही हा बदल धोक्याचाच मानला.

भारताची गोष्ट निराळी आहे. इथे घरगुती बंदूककामाचा खरा चेहरा हौशी संग्राहकाचा नाही, तो गावठी कट्ट्याचा आहे. बिहारमधील मुंगेर, मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरील उमर्टी ही नावे पोलिसांच्या बातम्यांत वारंवार येतात. पुणे, जळगाव, नाशिकमधील टोळ्यांकडे सापडणाऱ्या अनेक पिस्तुलांचा माग उमर्टीपर्यंत गेला आहे. गोंदिया आणि गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवाद्यांकडच्या पकडलेल्या हत्यारांत भरमार बंदुका असतातच. गडचिरोलीत गावकऱ्यांनी स्वतःहून भरमार पोलिसांच्या स्वाधीन केल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत अनेकदा घडल्या. लेथ, कानस आणि नळी यांवर कायद्याची नजर का आहे, हे समजायला एवढे पुरे. २०१९ ची कडक शिक्षा या साखळीसाठी होती आणि तिच्यासाठी ती रास्तच आहे.

मग गोची कुठे आहे?

कट्टा बनवणाऱ्यासाठी विणलेल्या जाळ्यात परवानाधारकाची दुरुस्तीही अडकते, इथे गोची आहे.

दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. एक जण चोरून पिस्तुले घडवतो आणि टोळीला विकतो. दुसरा गावचा लोहार. पीक राखणीचा रीतसर परवाना असलेला शेतकरी त्याच्याकडे भरमार घेऊन येतो, घोड्याची कमान तुटली आहे म्हणतो, आणि लोहार ती ठोकून देतो. मोबदला काय, तर पायलीभर धान. कायद्याच्या मजकुरात ‘बनवणे’ आणि ‘दुरुस्त करणे’ हे शब्द एकाच ओळीत आहेत आणि किमान शिक्षाही एकच आहे. न्यायालय परिस्थिती पाहील, हे खरे. पण किमान शिक्षा कायद्यानेच बांधून दिली की दोष सिद्ध झाल्यावर न्यायाधीशाचा हात आखडतो. आणि निकालाआधीची अटक, जामिनाची धावपळ, वकिलाची फी, यातच सालेकशाच्या लोहाराचे घर बसते.

याला उत्तर म्हणून कोणी सांगेल, परवानाधारक कारागिराकडे जा. सल्ला बरोबर आहे. पण देवरीच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगचे दुकान सापडते, वेल्डिंग सापडते, लेथही सापडतो, बंदूक दुरुस्तीच्या परवान्याची पाटी तालुक्याच्या ठिकाणी सहसा दिसत नाही. असे काम करणारी दुकाने मोठ्या शहरांत असतात. आपल्या भागातून नागपूरला जायचे तर एक दिवस मोडतो. ज्याचे रिव्हॉल्व्हर लाखाचे आहे, तो जाईल. ज्याची भरमार धानासाठी आहे, तो जाणार नाही. तो लोहाराकडे जाईल किंवा बिघडलेली बंदूक तशीच वापरेल. पहिल्यात तुरुंग आहे, दुसऱ्यात तोंडावर फुटणारी नळी.

नव्या शस्त्राचा पर्याय आहे, पण सर्वांसाठी नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खासगी आयात जवळपास बंद झाली आणि आधी आलेल्या जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरांचे भाव चढत गेले. कानपूरहून २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आले, २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले. निर्भीकची किंमत सुरुवातीलाच एक लाख २० हजार रुपयांच्या पुढे होती. म्हणून माणसे आजोबांचेच शस्त्र सांभाळतात. जुने शस्त्र सांभाळायचे तर दुरुस्ती अटळ आहे, आणि अटळ असलेल्या कामाला रीतसर वाट ठेवली नाही की ते आडवाटेने होते.

काय बदलायला हवे?

पहिला बदल कायद्यात. विनापरवाना शस्त्रनिर्मिती आणि परवान्यावरच्या शस्त्राची विनापरवाना दुरुस्ती, हे दोन वेगळे गुन्हे असायला हवेत. दुसऱ्याला शिक्षा नको, असे नाही. ज्याला हत्याराची जाण नाही त्याने ते उघडणे धोक्याचेच आहे. पण तिथे किमान सात वर्षे नकोत. दंड, शस्त्र जप्ती, परवाना निलंबन किंवा रद्द करणे, गंभीर बदल असेल तर कैद, अशी पायरीपायरीने शिक्षा असावी. नळी कापणे, क्रमांक खोडणे, शस्त्राचा वर्ग बदलणे यांना कोणतीही सवलत नको.

पळवाट निघेल, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. कट्टेवालाही म्हणेल, मी फक्त दुरुस्ती करत होतो. पण परवान्यावरच्या शस्त्राचा क्रमांक राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीसंचात असतो. ज्या शस्त्राला क्रमांक, परवाना आणि धनी आहे, त्याच्यापुरतीच ही वेगळी तरतूद ठेवली तर कट्टेवाल्याला तिचा आडोसा मिळत नाही. कारण त्याच्या मालाला यापैकी काहीच नसते.

दुसरा बदल जिल्ह्यात होऊ शकतो आणि त्याला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाचा भर कागदांवर आणि क्रमांकावर असतो. शस्त्र चालवायला सुरक्षित आहे का, हा प्रश्न मागे पडतो. जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस दल यांनी मिळून वर्षातून एकदा तपासणी शिबिर घ्यावे. नागपूरचा परवानाधारक कारागीर बोलवावा, पोलीस मुख्यालयातील आर्मोरर सोबत असावेत. शस्त्र पाहून तीनच शेरे द्यावेत : सुरक्षित, दुरुस्तीयोग्य, वापरू नये. किरकोळ काम जागेवर, नोंदवहीत नोंद करून, पावतीसह. भरमारवाल्या शेतकऱ्याला एसटीच्या तिकिटाएवढ्या खर्चात हे मिळाले तर तो लोहाराच्या दारी का जाईल?

तिसरा बदल कारागिरांचा. आयटीआयमधून फिटर आणि टर्नर दरवर्षी बाहेर पडतात. चारित्र्य पडताळणी, प्रशिक्षण आणि कडक नोंदवहीच्या अटीवर जिल्ह्यात एखाद-दोन दुरुस्ती परवाने देणे अवघड नसावे. नक्षलग्रस्त म्हणून ओळखलेल्या भागात हे जपून करावे लागेल. त्यासाठी जागा पोलीस मुख्यालयाच्या आवारातच द्यावी. हुन्नर नजरेसमोर राहिले की धोका कमी होतो. ते लपले की वाढतो.

तोवर घरात काय करावे?

परवानाधारकाचे निधन झाले असेल तर शस्त्र पेटीत ठेवू नये. मृत्यूनंतर ते घरात राहणे कायदेशीर राहत नाही. कलम २१ नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी. मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक हयात असताना, त्याचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावरही ते वारसाच्या नावे करता येते. वडील आहेत तोवरच हे काम उरकणे सर्वांत सोपे.

परवाना आपल्या नावावर असेल तर आधी त्यातला बोर आणि क्रमांक शस्त्राशी ताडून पाहावा. फरक किंवा पुसट अंक दिसल्यास स्वतःहून परवाना शाखेला लेखी कळवावे. नंतर सापडण्यापेक्षा आधी सांगितलेले केव्हाही बरे. दुरुस्तीला देताना कारागिराच्या परवान्याचा क्रमांक पाहावा आणि कामाच्या तपशिलासह पावती घ्यावी. शस्त्र रिकामे न्यावे, परवाना सोबत ठेवावा. शस्त्र जुने असेल आणि त्यातल्या अडसराची खात्री नसेल तर ते भरलेले ठेवू वा बाळगू नये. आणि लग्नाच्या वरातीत ‘चालते का’ हे पाहायला हवेत बार काढू नये. हलगर्जीने केलेल्या अशा आनंदाच्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

ज्यांना शस्त्राचा उपयोग उरलेला नाही, त्यांनी ते रीतसर विकण्याचा किंवा जमा करण्याचा विचार करावा. आजोबांची आठवण फोटोतही राहते. घरातल्या नातवाच्या हाती लागू शकणारे, अर्धवट दुरुस्त केलेले रिव्हॉल्व्हर ही आठवण नव्हे, टांगती तलवार आहे.

कायद्याने परवानाधारकाकडून शिस्तीची अपेक्षा करावी आणि ती मोडल्यास जाब विचारावा. पण जो शिस्त पाळू इच्छितो, त्याला दुरुस्तीचे दार जिल्ह्यातच उघडे असायला हवे. ते दार आज शे-दीडशे किलोमीटरवर आहे, आणि लोहाराची भट्टी मात्र गावातच पेटलेली असते.